मायना ठरेपर्यंत

लेकीला, टाबेयाला, दूध आलं असेल तेव्हा काय करायचं ते तिला कुणी सांगितलं असेल का, ही काळजी गुंडुला राइनेफार्टच्या डोक्यातून चार दिवस हलत नव्हती. मूल गेलं हे दुधाला कळत नाही. ते तिसऱ्या दिवशी येतंच. कोबीची गार पानं लाटण्याने ठेचून बांधायची, पानं कोमट झाली की बदलायची, आणि गरम पाण्याने अंघोळ करायची नाही. वेर्नरोडा गावातली कुठलीही बाई हे सांगू शकली असती. पण टाबेया वेर्नरोडात नव्हती. ती दूर उत्तरेला, समुद्रकाठी कीलमध्ये बोटींची शिडं शिवण्याच्या कारखान्यात काम करत होती, आणि तिने आईला काही विचारलं नव्हतं. विचारणं सोडाच, तिने आईला काही कळवलंही नव्हतं.

कळलं ते बेकरीत, सोमवारी. गुंडुला पावासाठी रांगेत उभी होती आणि पुढच्या म्हाताऱ्याच्या टोपीवरून विक्रेत्या मुलीशी काहीतरी थट्टा करत होती. मागून मार्लीस आली. शाळेपासूनची मैत्रीण, आणि टाबेयाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरणारी तिची मानलेली मावशी.

"बरं वाटलं गं तुला हसताना बघून," मार्लीस म्हणाली. "मला वाटलं, अंथरूण धरलं असशील."

"का? मला काय धाड भरलीय?"

मार्लीसचा चेहरा उतरला. पाव घ्यायचे तसेच ठेवून तिने गुंडुलाला दंडाला धरून बाहेर, सायकली लावतात तिथे नेलं.

"तुला तिने सांगितलंच नाही का?"

"कुणी? काय?"

"अगं, टाबेयाचं बाळ गेलं. सातव्या महिन्यात. पोटातच."

 गुंडुलाने विचारलं, "कसलं बाळ?"

मार्लीस पुढे जन्मभर हा प्रश्न विसरणार नव्हती. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. गुंडुलाच तिला म्हणाली, "रडू नकोस. सगळे बघतायत. मला नीट सांग."

सांगण्यासारखं फार नव्हतं. तीन आठवडे झाले होते. मुलगी होती. हाउके, म्हणजे टाबेयाबरोबर राहणारा माणूस, पूर्ण वेळ दवाखान्यात बसून होता. मुलीला त्यांनी तिथल्याच दफनभूमीत पुरलं, झाडाखाली.

"नाव ठेवलं होतं?"

"ठेवलंय."

"काय?"

मार्लीसने मान हलवली. "ते मी नाही सांगायची. ते तू तिच्याच तोंडून ऐक."

"ती मला सांगेल?"

"विचारलंस तर सांगेल की. तू विचारतेस कुठे कधी काही? तू वाट बघत बसतेस."

मार्लीसची जीभ लहानपणापासून अशीच होती. 

गुंडुला त्रेसष्ट वर्षांची. वेर्नरोडाच्या चर्चची सगळी व्यवस्था तिच्याकडे. घंटा वाजवणं, मेणबत्त्या, फरशी, प्रार्थनेच्या गीतांचे आकडे फळीवर लावणं, आणि तळघराची किल्ली. तळघरात जुन्या राजघराण्याच्या शवपेट्या. वेर्नरोडा एके काळी संस्थान होतं. एवढंसं संस्थान, की सकाळी निघालेला कोंबडा दुपारी परराज्यात आरवायचा. तरी त्यांना राजा होता, दरबार होता, चिटणीस होते आणि एका राजाला तर नऊ मुलं होती. त्या नऊ मुलांसाठी बापाने जिवंतपणीच तळघरात नऊ कोनाडे कोरून ठेवले. आठ भरले. नववा रिकामा. त्यात गुंडुला घडीच्या खुर्च्या ठेवते.

तो कोनाडा राजकन्या अग्नेस युलियानाचा. ती उत्तरेत, सासरी ओस्टरमोरला पुरलेली आहे. पण तिने आईला लिहिलेली त्रेचाळीस पत्रं इथे राहिली. एकोणीस वर्षांपूर्वी आधीच्या पाद्रीबुवांनी त्यांच्या नकला बुटांच्या खोक्यात घालून गुंडुलासमोर ठेवल्या. "तुम्हाला आजीने जुनी लिपी शिकवली होती ना? मग घ्या, लावा. माझे डोळे गेले." तेव्हापासून हिवाळ्यात दुपारचं काम उरकलं की गुंडुला एकेक ओळ लावत बसायची. छप्पर घालणाऱ्याची बायको आणि राजकन्येची कारकून, असं लोटार, तिचा नवरा, तिला चिडवायचा. "आज काय म्हणते तुझी राजकन्या? कळवलं का तिला, आपल्याकडे बटाटे महागले म्हणून?"

लोटार पाटीच्या दगडाची छपरं घालायचा. त्याच्या बापानेही तेच केलं, आजानेही. या भागात घरावर काळा दगड दिसला की समजायचं, राइनेफार्टांचा हात लागलाय. सहा वर्षांपूर्वी त्याला पहिला झटका आला आणि त्याने ठरवलं की वाटण्या आत्ताच मार्गी लावायच्या. मुलगा सिल्व्हियो धंद्यात होताच. टाबेयाचा वाटा द्यायचा म्हटला तर अंगण विकावं लागलं असतं, आणि अंगणाशिवाय दगड ठेवणार कुठे? तेव्हा टाबेयाने वकिलासमोर हक्क सोडल्याची सही करायची. सगळीच घरं असं करतात. तिला काही रक्कम दिली, ती तिने मुकाट घेतली.

वकिलाच्या कचेरीबाहेर टाबेयाने आईला विचारलं होतं, "म्हणजे आता मी पाहुणी ना?"

"वेडी आहेस का? नुसती सही आहे गं ती."

लोटार हसला आणि सगळ्यांना जेवायला घेऊन गेला. जेवताना टाबेयाने तीन वेळा 'आभारी आहे' म्हटलं. गुंडुलाच्या लक्षात ते राहिलं. आपली मुलगी आपल्याला मीठ सरकवल्याबद्दल आभार मानत नसे.

तरी तेवढ्यावर तुटलं नसतं. तुटलं ते दोन वर्षांपूर्वी, लोटार गेला तेव्हा. वेर्नरोडात माणूस गेलं की वर्तमानपत्रात काळ्या चौकटीत बातमी देतात. मधे गेलेल्याचं नाव, खाली शोक करणाऱ्यांची नावं. लोक ती चौकट कात्रीने कापून ठेवतात. कोणाचं नाव कोणाच्या वर आलं यावर वर्षभर बोलतात. सुनेने, नादीनने, मजकूर तयार केला. गुंडुलाने तो छापायला जाण्याआधी दोनदा वाचला. लोटारची जन्मतारीख तपासली. त्याच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त केलं. मग ठीक आहे म्हणाली.

खाली छापलं होतं: गुंडुला, सिल्व्हियो, नादीन, दोन नातवंडं, आणि सर्व आप्त.

टाबेयाने ते वर्तमानपत्र रेल्वे स्टेशनवरच्या दुकानात विकत घेतलं, अंत्यसंस्काराला येताना. घरी आली तर तिच्या खोलीत सिल्व्हियोने कचेरी थाटलेली, पलंग गेलेला. ती गावातल्या खानावळीत वरच्या खोलीत उतरली. दफन झालं, कॉफी झाली, केक झाला. निघताना ती स्वयंपाकघरात आली. गुंडुला बशा पुसत होती.

"आई, माझं नाव मुद्दाम नाही ना काढलंत?"

"नाही गं बाई, मुद्दाम कशाला? नादीनला वाटलं असेल, सही झाली, तू आता वेगळी... आणि मी वाचलं होतं, दोनदा वाचलं. मला दिसलंच नाही."

"तेच तर," टाबेया म्हणाली. "तुला दिसलंच नाही."

त्यानंतर नाताळला एक कार्ड आलं, पुढच्या नाताळला आलं नाही. गुंडुलाने फोन केला नाही. राग निवळू दे, असं ती स्वतःला सांगत राहिली. मुलगी स्वतःहून करेल. आईने मागे लागू नये.

मंगळवारी सिल्व्हियो जेवायला आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. त्याने सूपचा चमचा खाली ठेवला. वाईट माणूस नव्हता तो.

"मला वाटतं, कार्ड पाठव," तो म्हणाला. "चांगलं, जाड कागदाचं. माझंही नाव घाल."

"फोन करू का?"

"आई, अशा वेळी फोन करतात का कोणी? माणसाला रडता पण येत नाही धड. कार्ड बरं. तिला हवं तेव्हा उघडेल."

तेही खरं होतं. या गावात दुःखाच्या घरी कोणी फोन करत नाही. पेटीत कार्ड पडतात. गुंडुलाने बुधवारी पाच कार्डं आणली. पहिल्यावर 'प्रिय टाबेया' लिहून थांबली, कारण हाउकेचं नाव घातलं नव्हतं. दुसऱ्यावर दोघांची नावं घातली. मग वाटलं, त्यांनी लग्न केलंय की नाही, आडनाव कोणतं लिहायचं? तिसऱ्यावर 'तुमच्या बाळाच्या' असं लिहिलं आणि त्या शब्दापाशी पेन थांबलं. मार्लीसने सांगितल्याचं टाबेयाला कळेल. बाळाचं नाव मला माहीत नाही, हे प्रत्येक ओळीतून दिसेल. तिन्ही कार्डं स्वयंपाकघरातल्या खणात गेली.

गुरुवारी दुपारी राजघराण्याचे जुने कागद सांभाळणाऱ्या अभिलेखागारातून जाड लिफाफा आला.

वसंतात तिथल्या बाईंनी कळवलं होतं की राजवाड्याच्या स्वयंपाकघराच्या याद्यांमध्ये एक न उघडलेलं पत्र सापडलंय, लाख शाबूत. ते जपून उघडून त्याची नक्कल आता पाठवली होती. गुंडुलाने ती चर्चमागच्या छोट्या खोलीत, हीटरजवळ बसून वाचायला घेतली. हस्ताक्षर अग्नेसचं नव्हतं. ते मोठं, उतरतं आणि थरथरतं होतं. पत्र आईचं होतं.

गुंडुला गेली एकोणीस वर्षं लोकांना तळघर दाखवायला न्यायची आणि एकच गोष्ट सांगायची. अग्नेस युलियाना नवव्या क्रमांकाची. बाराव्या वर्षी लग्न ठरलं, सोळाव्या वर्षी झालं. लग्नाआधी भर दरबारात दोन बोटं वर करून तिने शपथ घेतली की बापाच्या घरावर माझा आणि माझ्या लेकरांचा काही हक्क नाही. सगळ्याच राजकन्या घेत. सीमेवरच्या पुलावर तिला ओस्टरमोरच्या माणसांच्या हवाली केलं. तिची दाई तिथून परत पाठवली, कुत्राही. तिथे घरं ओली, भाषा वेगळी, चर्चची रीत वेगळी. पहिली पत्रं हट्टाची होती. वाळवलेले आलुबुखार पाठव. मोज्यांची वीण विसरले, लिहून पाठव. मग मुलं झाली, चार. तिसरं गेल्यावर पत्रातला हट्टही गेला.

एका पत्रात तिने विचारलं होतं: "रविवारी प्रार्थनेत राजघराण्यातल्यांची नावं घेतात तेव्हा माझं अजून घेतात का? इथे फक्त 'धनी आणि धन्यांचे कुटुंब' म्हणतात. मग देवाला मी कोणत्या गावात सापडत असेन?"

नाव लग्नाच्या पुढच्याच रविवारी वगळलं होतं. रीतच तशी होती. शेवटच्या वर्षात तिने आईला सात पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर तिला मिळालं नाही. सत्ताविसाव्या वर्षी चौथ्या बाळंतपणात ती गेली. ते मूलही गेलं. "आणि आई?" असं पाहुण्यांपैकी कुणी ना कुणी विचारायचंच. तेव्हा गुंडुला त्या आईच्या शवपेटीवर हात ठेवून म्हणायची, "आईसाहेब या इथे. ही पेटी दगडाची नाही, कथिलाची आहे. दगड आत आहे." लोक हसायचे. तिलाही ते वाक्य आवडायचं.

आता ती आईसाहेबांचं पत्र वाचत होती.

"माझ्या लेकी," ते सुरू होत होतं, कुठल्याही पदवीशिवाय. "तुझी सातही पत्रं माझ्या उशाखाली आहेत. सहा दिवस मी हे लिहिते आहे, कारण बोटं सुजली आहेत आणि लेखनिकाला हे सांगवत नाही. रविवारी चर्चमध्ये तुझं नाव घेत नाहीत. ते मला बदलता आलं नाही. पण मी माझ्या जागेवर बसून ते घेते, आणि इतक्या मोठ्याने घेते की पुढच्या बाकावरच्या बाया मागे वळून बघतात. बघू देत.

"तिसऱ्या मुलीचं नाव मला कोणी कळवलं नाही. सुईणीने घाईत बाप्तिस्मा दिला एवढंच कळलं. नाव कळव. मी तिघांसाठी मागते तेव्हा दोघांची नावं घेते आणि तिसऱ्या वेळी नुसती थांबते.

"मी यायला हवं होतं. तुझ्या भावाने घोडे दिले नाहीत, आणि तुझ्या घरून बोलावणं नव्हतं. ही कारणं पुरेशी नाहीत हे मला कळतं. या वेळी दिवस भरत आले की बोलावण्याची वाट न बघता मी निघणार आहे, मग बैलगाडीतून यावं लागलं तरी चालेल."

गुंडुलाने चष्मा काढून पुसला. मग पान उलटलं. घडी घातलेल्या पत्राच्या बाहेरच्या बाजूवर पत्त्याची जागा कोरी होती. तिच्या खाली दरबारच्या चिटणीसाचं बारीक, सुबक अक्षर:

"मायना ठरेपर्यंत थांबवावे. १४ जानेवारी."

तिला आधी कळेना. मग अभिलेखागारातल्या बाईंनी सोबत लिहिलेली चिठ्ठी तिने वाचली. अग्नेसच्या नवऱ्याला बादशहाने त्या वर्षी वरची पदवी दिली होती. वेर्नरोडात तेव्हा अग्नेसचा भाऊ गादीवर होता आणि त्याला मेहुण्याची ही बढती मान्य नव्हती. बहिणीला पत्रावर नवी पदवी लिहिली तर मेहुणा बरोबरीचा ठरणार. जुनी लिहिली तर ओस्टरमोरवाले पत्र न उघडता परत करणार. तशी दोन केलीही होती. म्हणून तिकडे जाणारं प्रत्येक पत्र दरबाराने थांबवलं. आईसाहेबांना बहुधा सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत असणार, पत्र पोचलं, पोरगी रागावली आहे, म्हणून उत्तर नाही.

खाली दुसऱ्या शाईत आणखी एक ओळ होती. "कारण उरले नाही. २० एप्रिल." अग्नेस युलियाना दोन एप्रिलला गेली होती.

मग कुणीतरी ते पत्र स्वयंपाकघराच्या याद्यांत ठेवून दिलं.

गुंडुलाने नक्कल घडी करून मांडीवर ठेवली. हीटर टकटक करत होता. तिला आधी लाज वाटली ती आपल्या त्या वाक्याची, दगड आत आहे या. एकोणीस वर्षं तिने एका आईला लोकांपुढे दगड म्हटलं होतं. पण मग दुसराच विचार आला आणि तो जास्त लागला. लोकांचं सोडा, लेकीच्या लेखी ती दगडच होती. लेक ते सहा दिवसांचं पत्र न वाचता गेली. इथे चर्चमध्ये कुणी आपलं नाव मोठ्याने घेतंय, हे तिला कळलं नाही. आईची सगळी माया खरी होती आणि ती लेकीच्या काडीच्याही उपयोगी पडली नाही.

दार वाजलं. मार्लीस होती. येत्या रविवारी चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांच्या नावाने मेणबत्त्या लावायच्या होत्या, त्या खोचायला ती गेल्या वर्षीचे पितळी ठोकळे घेऊन आली होती.

"पाठवलंस कार्ड?" तिने आल्या आल्या विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच. आता काय अडलंय?"

"हाउकेचं आडनाव."

मार्लीसने ठोकळे टेबलावर आदळले. "गुंडुला राइनेफार्ट! तुझी पोरगी तिकडे मेलेलं मूल जन्माला घालून बसलीय आणि तुला आडनाव पडलंय?"

गुंडुला हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिला काही आवरेना. मार्लीसने तिला जवळ घेतलं नाही. त्या दोघींमध्ये तसली सवय नव्हती. तिने फक्त खुर्ची ओढली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"ती उचलेल का गं?" गुंडुलाने विचारलं.

"माहीत नाही."

"'आता आठवण झाली का,' म्हणेल."

"म्हणेल की. मी तिच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते."

"आणि तुझं नाव निघेल. तू सांगितलंस म्हणून तुझ्यावरही रागवेल."

"रागवू दे. मला तिने एवढंच म्हटलं होतं, आईला मीच सांगेन, तू सांगू नकोस." मार्लीसने एक ठोकळा सरळ केला. "मग अर्ध्या तासाने परत फोन करून विचारलं, सांगितलंस का म्हणून. मी नाही म्हटलं तर म्हणाली, बरं. त्या 'बरं'चा आवाज मी ऐकलाय. म्हणून तर सोमवारपासून तुझ्या मागे लागलेय."

गुंडुला उठली. मार्लीसने न सांगता ठोकळे उचलले, "मी बाहेर पुसत बसते," म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

पाच वाजायला आले होते. कीलमध्ये कारखाना सुटत असेल. की टाबेया अजून कामावर गेलीच नसेल, घरीच असेल, हे गुंडुलाला ठाऊक नव्हतं. काय बोलायचं तेही ठरवलेलं नव्हतं. पहिला शब्द कोणता, रडायचं की नाही, माफी आधी की बाळाचं विचारायचं आधी, यातलं काहीच नाही. उचलला नाही तर सात वाजता करायचा, सकाळी करायचा, उद्या दुपारी करायचा. 'तुला कोणी बोलावलंय?' असं तिने विचारलं तर 'कोणी नाही' म्हणायचं, आणि फोन ठेवायचा नाही. एवढं मात्र तिने ठरवलं, आणि कोटाच्या खिशातून फोन काढला.